बदलाची चिल्लर

एसटी सुटली की कंडक्टरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सुट्टे काढून ठेवा, माझ्याकडे चेंज नाही." पाचशेची नोट पुढे करणाऱ्याचा चेहरा पडतो. मागच्या सीटवरच्या मावशी बटव्याची दोरी सोडून दहा-दहाच्या नोटा मोजायला लागतात. हा 'चेंज' म्हणजे चिल्लर. आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये किंवा निवडणुकीच्या सभेत ऐकू येतो तो 'चेंज' म्हणजे बदल.

शब्द एकच, मग बदलाची आणि चिल्लरीची गाठ पडली कुठे? हे बघायला गेलं की इंग्रजीतले बदलाचे बाकीचे शब्दही बोलायला लागतात. कुणाच्या पोटातून ससाणा निघतो, कुणाच्या पोटातून मुळा. शब्द कितीही भारदस्त असो, खरवडला की आत कुणीतरी कधीतरी हातांनी केलेलं साधं काम दिसतं. मला शब्दांचं वेड लागलं ते यामुळेच. घ्या मूठभर, मोजून.

चेंज आला बाजारातून

'चेंज'चं मूळ जुन्या फ्रेंचमधून उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'काम्बिआरे'पर्यंत जातं. अर्थ होता वस्तूंची देवाणघेवाण करणं. त्याच्याही मागे केल्टिक भाषांतला एखादा शब्द असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आधी बाजार, मग तत्त्वज्ञान. एक वस्तू दिली, दुसरी घेतली, म्हणजे 'चेंज' झाला. मोठं नाणं देऊन छोटी घेतली, तोही चेंजच. सतराव्या शतकापर्यंत उरलेले परत मिळालेले पैसेही 'चेंज' म्हणवू लागले होते.

लंडनच्या व्यापाऱ्यांसाठी थॉमस ग्रेशमने बांधलेल्या 'रॉयल एक्स्चेंज'चं उद्घाटन १५७१ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने केलं. लंडनकर या इमारतीला नुसतं 'चेंज' म्हणायचे. आपल्या स्टॉक एक्स्चेंजच्या नावात तोच जुना आठवडी बाजार लपलेला आहे.

सातबाऱ्यावरचं म्युटेशन

करोनाच्या काळात 'म्युटेशन' हा शब्द घराघरांत पोचला. विषाणूने रूप बदललं की म्युटेशन. जीवशास्त्रात हा शब्द रुजवला ह्यूगो द व्ह्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने. १९०१ पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने ईव्हनिंग प्रिमरोज या फुलझाडाच्या निरीक्षणांवरून म्युटेशनचा सिद्धांत मांडला.

पण महाराष्ट्रातला शेतकरी करोनाच्या कितीतरी आधीपासून म्युटेशनला ओळखतो, फक्त मराठी नावाने: फेरफार! गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराची नोंदवही. इंग्रजी महसुली कागदांत तिचं नाव 'रजिस्टर ऑफ म्युटेशन्स'. लॅटिन 'मुतारे' म्हणजे बदलणे. विषाणू असो की जमीन, शब्द तोच.

जुना हस्तलिखित सातबारा एकदा निवांत बघा. नावांच्या शेजारी गोलात आकडे असतात, ते फेरफाराचे क्रमांक. आजोबा गेले की त्यांचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. खाली वडिलांचं नाव येतं, आत्याचं येतं, नवा गोल येतो, नवा आकडा येतो. एका कागदावर तीन पिढ्यांची हालचाल नोंदलेली असते. म्युटेशन या शब्दाचा इतका जिवंत नमुना कुठल्याही प्रयोगशाळेत मिळायचा नाही.

पास काढतो तो कम्यूटर

याच 'मुतारे'चं दुसरं पोर रोज सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभं असतं. एकोणिसाव्या शतकात, १८४०च्या दशकात, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी 'कम्यूटेशन तिकीट' काढलं. रोजच्या सुट्या तिकिटांच्या बदल्यात एकरकमी, स्वस्त तिकीट. भाड्याची अदलाबदल झाली म्हणून 'कम्यूट'. असं तिकीट घेणारा तो 'कम्यूटर'. म्हणजे आज आपण कामावर जाण्या-येण्याला कम्यूट म्हणतो, पण शब्द जन्माला आला तो मासिक पासातून. फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली की तिलाही कायद्यात 'कम्यूट' केली म्हणतात. जड गोष्ट देऊन हलकी घ्यायची, हेच सूत्र.

लोकलच्या नकाशावर खुद्द एका स्टेशनच्या नावातही 'बदल' ऐकू येतो. जुन्या काळी इथे घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर, असं गावात सांगतात.

ससाण्याची पिसं आणि लंडनची महागडी घरं

'मुतारे'चं तिसरं पोर पंखवालं आहे. पक्षी जुनी पिसं टाकतात त्याला इंग्रजीत 'मोल्ट' म्हणतात. हा शब्दही 'मुतारे'तूनच आला आणि त्यातला 'ल' नंतर कुणीतरी उगाच घुसवला. फ्रेंचमध्ये याच क्रियेवरून 'म्यू' हा शब्द आला. शिकारी ससाणे पिसं टाकत असताना त्यांना ज्या जागी ठेवत, ती जागा म्हणजे 'म्यूज'.

इंग्लंडच्या राजाचे ससाणे लंडनमध्ये चेरिंग क्रॉसला, आज जिथे ट्रॅफल्गार चौक आहे त्या भागात असत. सोळाव्या शतकात तिथे घोड्यांच्या पागा आल्या. ससाणे गेले, नाव राहिलं. राजघराण्याची पागा आजही 'रॉयल म्यूज'च. पुढे श्रीमंतांच्या घरामागच्या तबेल्यांच्या गल्ल्याही 'म्यूज' झाल्या. घोडे गेले, तबेल्यांची टुमदार घरं झाली आणि तीच आज लंडनमधली अतिशय महाग घरं आहेत. पिसं बदलण्याच्या शब्दाने स्वतः किती वेळा पिसं बदलली!

मराठीने यासाठी पक्षी निवडला नाही, साप निवडला. एखादं गाव नव्याने उभं राहिलं की आपण म्हणतो, गावाने कात टाकली.

गुंडाळी उलगडली, चाक फिरलं

लॅटिनमध्ये 'वोल्वेरे' म्हणजे गोल फिरवणे, लाटणे, गुंडाळणे. पुस्तकं गुंडाळीच्या रूपात असत तेव्हा ती उलगडून वाचण्याला 'एव्होलुतिओ' म्हणत. तीच आजची 'इव्होल्यूशन'. गुंडाळी म्हणजे 'व्हॉल्यूम', म्हणून ग्रंथाचा खंडही व्हॉल्यूम.

गंमत म्हणजे डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्दच नाही. तो शब्द या पुस्तकात आला १८७२च्या सहाव्या आवृत्तीत. पण पहिल्या आवृत्तीचा अगदी शेवटचा शब्द आहे 'इव्हॉल्व्ह्ड'. दार लावता लावता शब्द आत शिरला होता.

'रेव्होल्यूशन'चा मूळ अर्थ तर आजच्या नेमका उलट. फिरून पुन्हा त्याच जागी येणं! कोपर्निकसच्या १५४३च्या ग्रंथाच्या नावात हा शब्द आहे तो ग्रहगोलांच्या फेऱ्यांसाठी. इंग्लंडमध्ये १६८८ च्या सत्तांतराला 'ग्लोरियस रेव्होल्यूशन' म्हटलं गेलं, १७८९ मध्ये फ्रान्स पेटला आणि आकाशातला शब्द रस्त्यावर उतरला.

आता आपला शब्द बघा. क्रांती! सूर्य आकाशात ज्या मार्गाने जाताना दिसतो ते क्रांतिवृत्त. सूर्याने राशी ओलांडली की संक्रांत. मराठी क्रांतीचं घरसुद्धा आकाशातच आहे. दोन भाषांनी एकच खिडकी उघडली.

आणि हो, पुण्याहून मुंबईला जाताना आपण जिला सरसकट 'व्होल्वो' म्हणतो ना, तिच्या नावाचा लॅटिन अर्थ आहे 'मी फिरते'. १९२७ साली पहिली मोटार रस्त्यावर आणण्याच्या कितीतरी आधी हे नाव बॉल बेअरिंगसाठी नोंदवलेलं होतं.

टेलरकडचा 'दुसरा'

दिवाळीच्या आधी टेलरकडे गर्दी असते. "कंबर दोन इंच ढिली झालीय, ऑल्टर करून द्या." लॅटिनमध्ये 'आल्टर' म्हणजे दोघांपैकी दुसरा. ऑल्टर करणं म्हणजे आहे त्याला दुसरं करणं. या एका 'दुसऱ्या'चं गोत मोठं आहे. दुसऱ्याशी तंटा ती 'ऑल्टरकेशन'. आळीपाळीने ते 'ऑल्टरनेट'. आणि दुसऱ्यासाठी जगणं म्हणजे 'ऑल्ट्रुइझम', हा शब्द एकोणिसाव्या शतकात ओगुस्त काँत या फ्रेंच विचारवंताने घडवला. भांडणही दुसऱ्याशी, परोपकारही दुसऱ्यावर.

मुळ्याची भाजी आणि आमूलाग्र बदल

ही माझी सर्वांत आवडती जोडी. लॅटिन 'रादिक्स' म्हणजे मूळ. मुळापासून केलेला बदल तो 'रॅडिकल'. त्याच रादिक्सवरून भाजीवालीच्या पाटीतला 'रॅडिश', म्हणजे मुळा.

आता मराठीकडे या. मुळापासून शेंड्यापर्यंत केलेला बदल तो आमूलाग्र. आ, मूल, अग्र. आणि त्याच मुळावरून मुळा! क्रांतिकारकाचं आणि कोशिंबिरीचं नातं दोन्ही भाषांनी आपापलं जुळवलं. यापुढे आमूलाग्र हा शब्द लिहिताना तुम्हाला पांढराशुभ्र, शेंड्याला हिरवा पाला असलेला मुळा दिसेल, आणि शब्द पक्का समजेल.

दूध, पत्रा, टायर

काही माणसांनी वस्तू अशा बदलल्या की त्यांची नावंच क्रियापदं झाली. सकाळी कात्रीने दुधाची पिशवी कापताना तिच्यावर 'पाश्चराइज्ड' लिहिलेलं दिसतं. लुई पाश्चरने १८६०च्या दशकात ही तापवण्याची रीत शोधली ती वाइन आंबू नये म्हणून. दूध नंतर आलं.

कोकणातल्या पडवीवरचा जीआय पत्रा. 'जीआय' मधला 'जी' म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, लुइजी गॅल्व्हानीच्या नावावरून. मेलेल्या बेडकाच्या पायांना विजेने झटके बसताना या इटालियन डॉक्टरने पाहिलं आणि १७९१ मध्ये लिहून काढलं. खरं तर छपराच्या पत्र्यावर जस्ताचा थर बहुधा वितळलेल्या जस्तात बुडवूनच देतात, विजेची गरजच नसते. नाव मात्र चिकटलं. एखाद्याला झटक्यात कामाला लावलं तरी इंग्रजीत त्याला 'गॅल्व्हनाइज' केलं म्हणतात.

हायवेवर पंक्चरच्या टपरीवर 'व्हल्कनायझिंग' असं रंगवलेलं असतं. व्हल्कन हा रोमन लोकांचा अग्नीचा आणि लोहारकामाचा देव. रबर गंधकाबरोबर तापवलं की ते उन्हात वितळत नाही, थंडीत तडकत नाही. चार्ल्स गुडइयरला याचं अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळालं. टपरीतला पोरगा तापल्या साच्याखाली ट्यूब दाबून धरतो तेव्हा तो त्या देवाचंच काम पुढे चालवत असतो.

काळं होतं, निळं होत नाही

रंगाला शेपूट लावून इंग्रजी बदलाचं क्रियापद करते. ब्लॅकचं 'ब्लॅकन', व्हाइटचं 'व्हाइटन', रेडचं 'रेडन'. मग ग्रीनचं 'ग्रीनन' आणि ब्लूचं 'ब्लूअन' का नाही? कारण अर्थात नाही, तोंडात आहे. हे शेपूट फक्त हवा अडवणाऱ्या किंवा घासत सोडणाऱ्या व्यंजनाला चिकटतं: क, ट, ड, प, फ, स वगैरे. म्हणून डार्कन, डीपन, स्टिफन चालतात. पण स्लो, थिन, कूल यांच्या शेवटी मऊ ध्वनी आहेत, तिथे शेपूट घसरतं. इंग्रजी बोलणारं पोर हा नियम कुणी न शिकवता पाळतं.

मराठीचा रंग प्रत्येक वेळी नवा. भांडं काळवंडतं, चेहरा पांढरा पडतो, माळ हिरवा होतो आणि केस? केस पिकतात, आंब्यासारखे!

दूध जातं, स्वप्न येतं

इंग्रजीत बदल चालतात. वाईट बदल 'जातो': गो बॅड, गो मॅड, गो बॉल्ड, गो ब्लाइंड. चांगला बदल 'येतो': कम ट्रू, कम अलाइव्ह. बोलणारा जिथे उभा आहे ते घर, बरं ते घराकडे येतं आणि वाईट घरापासून दूर जातं. नियम शंभर टक्के नाही, पण कान देऊन ऐकलं तर पदोपदी सापडतो.

मराठीत चाल उलटी. इंग्रजी माणूस टकलाकडे जातो, मराठी माणसाला टक्कल पडतं. तो झोपेत पडतो, आपल्याला झोप लागते. तो म्हातारा 'वाढतो', आपल्याला म्हातारपण येतं. त्यांच्याकडे माणूस अवस्थेकडे चालत जातो, आपल्याकडे अवस्था माणसाकडे चालत येते. आजारी मात्र दोघंही पडतात!

झटपट पाच

*टर्नकोट:* कोट उलटा करून घालणारा, म्हणजे पक्ष बदलणारा. आपल्याकडे त्याने टोपी फिरवली. कपडा बदलला, माणूस तोच.

*सी-चेंज:* आज मोठ्या बदलाला म्हणतात. शब्द शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकातला. तिथे तो खरोखर समुद्राने केलेला बदल आहे. बुडालेल्या माणसाची हाडं पोवळी होतात आणि डोळे मोती.

*इनोव्हेट:* आज कौतुकाचा शब्द. १५४८ मध्ये मात्र इंग्लंडच्या सहाव्या एडवर्डच्या राज्यात 'इनोव्हेट' करणाऱ्यांविरुद्ध चक्क फर्मान निघालं होतं. यातला लॅटिन 'नोवुस' आणि आपला 'नव' हे एकाच घरचे.

*मॉर्फ:* 'फोटो मॉर्फ केला' अशा बातम्या येतात. ग्रीक 'मॉर्फे' म्हणजे रूप. यावरूनच रोमन कवी ओविडच्या पंधरा भागांच्या 'मेटामॉर्फोसेस' काव्यात स्वप्नात माणसांची रूपं घेणारा मॉर्फिअस येतो, आणि त्याच्यावरून वेदनाशामक मॉर्फिनचं नाव.

*शिफ्ट:* १८७८च्या रेमिंग्टन टंकयंत्रावर हे बटण दाबलं की यंत्राचा भाग खरोखर सरकायचा, म्हणून 'शिफ्ट'. आता काही सरकत नाही. पण इनस्क्रिप्ट कळफलकावर 'क' वर शिफ्ट दाबा, 'ख' उमटतो. 'त'चा 'थ', 'प'चा 'फ'. सरकतो तो श्वास.

पुण्यातल्या आठ घंटा

इंग्रजीत 'रिंग द चेंजेस' म्हणजे तेच काम नव्या नव्या तऱ्हांनी करणं. हे आलं चर्चच्या घंटांवरून. चेंज रिंगिंगमध्ये सूर वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक घंटा एकदाच, आणि कुठलीच फेरी पुन्हा नाही. सात घंटांचे क्रम होतात ५०४०, वाजवायला साधारण तीन तास. आठ घंटांचे ४०,३२०! ते सगळे १९६३ मध्ये इंग्लंडच्या लाफबरो इथे एका दमात वाजवले गेले, जवळपास अठरा तास.

अशा पद्धतीने टांगलेल्या आठ घंटा पुण्यात आहेत, पंचहौदाच्या चर्चच्या मनोऱ्यात. हे तेच पंचहौद मिशन, जिथे १८९० साली ख्रिस्ती मिशनऱ्यांचा चहा घेतल्यावरून टिळक-रानडे यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताचा वाद पोचला. एका कप चहाने सनातनी पुणं हादरलं, त्या आवारात बदलाच्या घंटा टांगलेल्या आहेत.

शेवटचं नाणं

२ फेब्रुवारी १७८६ रोजी भाषाभ्यासक विल्यम जोन्सने कोलकात्यात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात. लॅटिन 'वेर्तेरे' आणि संस्कृत 'वृत्' ही त्याची सुरेख साक्ष. दोन्हींचा अर्थ फिरणे, वळणे. तिकडे त्यातून 'कन्व्हर्ट' झाला, इकडे परिवर्तन. तिकडे 'व्हर्जन', इकडे आवृत्ती. मोबाइलवर नवं व्हर्जन येतं आणि पुस्तकाची नवी आवृत्ती येते, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन बहिणी एकाच ओसरीवर भेटतात.

आणि आपला 'बदल'? तो परिवर्तनाच्या घरचा नाही. तो अरबीतून, फारसीच्या वाटेने आला, आणि त्याचाही अर्थ एकाच्या जागी दुसरं देणं. म्हणजे 'चेंज'सारखाच तोही बाजारातून आलेला. म्हणून धरणात जमीन गेली की मिळतो तो मोबदला. म्हणून सरकारी नोकरांची होते ती बदली. आणि आपण दिवसातून शंभरदा वापरतो ते 'बद्दल'ही त्याच शब्दाचं रूप. 'याबद्दल' म्हणजे मुळात 'याच्या जागी, याच्या मोबदल्यात'.

हा सगळा लेख बदलाबद्दल होता. हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. बदलाबद्दल. तोच अरबी शब्द दोनदा, एकदा अर्थ म्हणून, एकदा शब्दयोगी अव्यय म्हणून, आणि दोन्ही वेळा अस्सल मराठी. पुढच्या वेळी कंडक्टरांनी सुट्टे मागितले की मुठीतल्या नाण्यांकडे जरा बघा. शब्दही असेच हातोहात फिरतात, झिजतात, आणि ज्या हाती पडतील तिथे खरे चालतात.